टाकीजवळची बडीशेप

दूर ठेवणे आणि दूर लोटणे या दोन कृती बाहेरून पाहणाऱ्याला एकसारख्याच दिसतात. करणाऱ्याच्या मनात त्या दोहोंत केवढे अंतर असते, हे तिऱ्हाइताला सहसा उमगत नाही. आणि ज्याला दूर ठेवले जाते, त्याला तर ते उमगायला कधी कधी उभे आयुष्य लागते. आप्पांच्या घरावर त्या वर्षी जे संकट आले, ते कोणाच्या दुष्टपणातून आले नव्हते. ते करुणेतून आले होते. करुणेने केलेली चूक दुरुस्त करणे फार अवघड असते, कारण तिच्यावर बोट ठेवणाराच निर्दय ठरतो.

चाळीस वर्षे आप्पांनी माणसांचे समूह टिपले होते. शाळांचे वर्ग, कारखान्यांतील पाळ्या, निवृत्तीचे निरोप. या साऱ्या काळात त्यांचे दोनच नियम होते: उंच मागे, बुटके पुढे, आणि कडेला कोणी एकटे उभे असेल तर त्याला हाताला धरून मध्ये आणायचे. चौकटीबाहेर राहिलेला मनुष्य त्यांना बघवत नसे. पत्नी गेली त्याला दीड वर्ष झाले होते. तिच्या मागे हे दोन्ही नियम आप्पांनी प्रथम परसातल्या भाजीच्या बागेला लावले आणि मग घराला.

बागेत त्यांनी टोमॅटो आणि घेवडा मागच्या रांगेत उभे केले, कोबी मधल्या रांगेत बसवले, गाजरे त्यांच्या पुढे. कोथिंबीर, पुदिना आणि सब्जा या चिल्ल्यापिल्ल्यांना फाटकाजवळ एकाच वाफ्यात मांडी घालून बसवावे तसे दाटीने लावले. आणि पाण्याच्या टाकीजवळ वर्षानुवर्षे एकाकी वाढणाऱ्या बडीशेपेचे कोवळे रोप त्यांनी हलक्या हाताने उचलून अगदी मध्यभागी, प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीच्या जागी आणून लावले. शोकात असलेल्या माणसाच्या हातातले फावडे काढून घेण्याचे धाडस कोणी केले नाही.

घरात त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे मुलांच्या आत्याला, वरच्या मजल्यावरील कोपऱ्याच्या खोलीतून खाली आणून स्वयंपाकघरालगतच्या मधल्या खोलीत बसवले.

वर्षाच्या शेवटी कोबीच्या पानांची चाळण झाली, घेवड्यावर मावा चढला, बडीशेपेभोवतालची टोमॅटोची रोपे गुडघ्याएवढीही झाली नाहीत, आणि पुदिन्याने आपल्या दोन्ही शेजाऱ्यांना गिळून टाकले. आणि घरात आप्पांच्या दोघी सुनांनी तर एकमेकींशी बोलणे केव्हाच सोडले होते.

त्या रविवारी सकाळी थोरला मुलगा परसाच्या पायरीवर खुंट्या, दोरीचे भेंडोळे आणि मोजणीची फीत घेऊन उभा राहिला, तो त्याचाच परिणाम होता. तो जमीनमोजणीदार होता. आयुष्यभर त्याने इतरांच्या घरांत भावाभावांमध्ये दोऱ्या ओढल्या होत्या. आज स्वतःच्या घरात ओढायची होती. बागेचे दोन भाग करावेत अशी दोघी जावांची मागणी होती, आणि आठ महिन्यांत त्यांचे एकमत झालेली ती एकमेव गोष्ट होती. धाकटा मुलगा दूरच्या गावी पुलाच्या कामावर होता. त्याने फोनवर "तुम्ही ठरवाल ते" एवढे सांगून अंग काढून घेतले होते.

"आज मातीत दोरी," आप्पा पायरीवर बसून म्हणाले, "उद्या स्वयंपाकघरात."

"आप्पा, मी नुसता मोजतोय."

"मोजणारे सगळे असंच म्हणतात."

मधल्या खोलीच्या खिडकीतून आत्यांचा आवाज आला. "आधी लांबी घे, मग रुंदी. दरवेळी उलट करतोस."

थोरला सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याने मुकाट्याने फीत उलटी फिरवली.

आत्यांनी छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले होते. त्यांनी कोणाची निंदा केल्याचे या घरात कोणाला आठवत नव्हते, आणि खरी अडचण तिथेच होती. त्या फक्त स्तुती करत. मात्र समोर असलेल्या सुनेपाशी, समोर नसलेल्या सुनेची. थोरली सून चुलीशी असली की, "धाकटी भाजी किती एकसारखी चिरते, पाहिलंस?" धाकटी आली की, "थोरलीचा हात मिठाला अगदी मोजका, नाही?" वर्गात या पद्धतीने मुले पुढे जात. स्वयंपाकघरात मात्र प्रत्येक शाबासकी दुसरीच्या नाकाला मिरचीसारखी झोंबत होती.

"आत्याबाई, त्यांना म्हणावं," धाकटी पुढे येऊन मोठ्याने म्हणाली, "आज मापं झाली की मला ड्यूटीवर जायचंय." ती रुग्णालयात परिचारिका होती.

"त्यांना म्हणावं, कोणी अडवलंय?" थोरलीने भिंतीकडे पाहून उत्तर दिले. तिचे शिवणकामाचे दुकान होते. गळ्यातली मापाची पट्टी ती रविवारीही काढायला विसरत असे.

"आत्याबाई आत आहेत," थोरला म्हणाला. "तुम्ही दोघी कोणामार्फत बोलताय?"

दोघींनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याने खाली वाकून खुंटी हातात घेतली. ती ठोकण्यापूर्वी मात्र तो थांबला.

"आप्पा, मधली रेघ कुठून धरू? आईचे मूळचे वाफे कुठं होते? दोघींना तेच हवेत, आणि तुम्ही तर सगळ्याचा ग्रुप फोटो करून टाकलात."

आप्पांनी टोमणा गिळला. "मूळचे वाफे फोटोत असतील."

"बागेचा फोटो तुम्ही कधी काढला होतात?"

"कधीच नाही. ती गिचमिड कशाला काढू? पण दरवर्षी याच पायरीवर सगळ्यांचा काढला, फाटकाच्या बाजूनं तिरका. मागं बाग असणारच."

दोरी पायरीवरच राहिली आणि सारे आत गेले.

जेवणाच्या टेबलावर बावीस वर्षांचे बावीस फोटो मांडले गेले. आप्पांनी आपले जुने भिंग आणले, ज्यातून ते पूर्वी निगेटिव्ह तपासत. भिंग एकच होते. या एका गोष्टीला मी त्या दिवसाचे पहिले पुण्य समजतो, कारण भिंग हवे असेल तर ते मागावे लागते, आणि मागण्यासाठी समोरच्याशी बोलावे लागते.

प्रथम थोरलीने ते डोळ्याला लावले. माणसांच्या खांद्यांवरून, कानांच्या मधून, मागे पुसट दिसणाऱ्या हिरवळीत ती शिरली. सासूबाईंची बाग तिला नेहमी अस्ताव्यस्त वाटली होती. आज, कापडाची वीण तपासणाऱ्या डोळ्याने पाहताना, तिला त्या गर्दीत एक टीप दिसली.

"दोन टोमॅटो, एक सब्जा," ती पुटपुटली. "परत दोन टोमॅटो, एक सब्जा. ओळीनं शिवल्यासारखं."

"बघू," धाकटी म्हणाली. आणि मग, घशात अडकलेले काही बाहेर काढावे तसे, "वहिनी, जरा द्या ना."

थोरल्याने मान वर केली आणि लगेच खाली घातली. आठ महिन्यांनी कानी पडलेला तो शब्द आपल्या नजरेने बुजून पळू नये, असे त्याला वाटले असावे.

धाकटीने भिंग कोबीच्या वाफ्यावर नेले. "आप्पा, हे कोबीवर पांढरं धुकं कसलं?"

"तिथं फोकस गेलाय," आप्पा कोरड्या स्वरात म्हणाले. तो त्यांचा जुना सल होता. "दरवर्षी त्याच जागी जायचा. दोनदा लेन्स बदलली मी."

"फोकस नाही गेला. कोथिंबीर आहे ही. फुललेली."

आप्पांनी तिच्या हातून भिंग घेतले. एकेक फोटो ओढून त्यांनी कोबीचा वाफा पाहिला.

"बावीस वर्षं," ते अखेरीस म्हणाले, "मी त्या लेन्सवाल्याला शिव्या घातल्या."

"मनातल्या मनात की पत्रानं?" थोरलीने विचारले.

"दोन पत्रं पाठवली."

धाकटीने हसू दाबले. थोरली दाबू शकली नाही.

"आई मला म्हणायच्या," थोरली म्हणाली, "कोबीत कोथिंबीर टाक आणि फुलली तरी उपटू नकोस. का, ते नाही सांगितलं."

"मला 'का' सांगितलं," धाकटी सावकाश म्हणाली. "त्या फुलांवर बारीक माश्या येतात, पट्ट्यापट्ट्यांच्या. त्यांची पिल्लं मावा खातात. आणखी एक इवलीशी गांधीलमाशी येते, ती कोबीवरच्या अळ्यांचा बंदोबस्त करते. पण कोथिंबीर कुठं टाकायची, हे मला कुठं सांगितलं होतं?"

"लावायचं मला सांगितलं, राखायचं तुला," थोरली म्हणाली.

"आणि पुदिना?"

"बादलीत. बुडाला भोकं पाडलेली बादली जमिनीत पुरायची. मोकळा सोडला की घर डोक्यावर घेतो."

"बादल्या मी पुरल्या होत्या ना त्यांच्याबरोबर. मला वाटलं, त्यांना बादल्या ठेवायला जागा नव्हती."

आता भिंग दोघींमध्ये विचारल्याशिवाय ये-जा करू लागले होते. आप्पा खुर्चीत मागे रेलले. आपण इतकी वर्षे माणसेच पाहिली, त्यांच्या मागे काय वाढते आहे ते पाहिले नाही, या विचाराने त्यांचे मन थोडे ओशाळले होते. आणि सुना हसत आहेत यामुळे ते ओशाळणेही त्यांना गोड वाटत होते.

"आणि बडीशेप?" थोरल्याने विचारले. "ती तर दरवर्षी टाकीजवळच. एकटी."

"म्हणूनच मी मधे आणली," आप्पा म्हणाले. "मला बघवेना."

"आप्पा, तिनंच तर टोमॅटो खुंटवले," थोरली म्हणाली. "आई सांगायच्या, तिच्या मुळांचा स्वभावच तसा. शेजाऱ्याला वाढू देत नाही. त्यात तिचा दोष नाही. लांब, तिची ती जागा द्या, मग तिच्यासारखी गुणाची कोणी नाही. सगळ्या बागेच्या माश्या तीच बोलावून आणते, लांबूनच. फक्त मधे..."

आणि बोलता बोलता थोरली थांबली. तिच्या हातातले भिंग टाकीवरून किंचित वर सरकले होते. टाकीच्या बरोबर वर, वरच्या मजल्यावर, कोपऱ्याच्या खोलीची छोटी गॅलरी होती. गॅलरीत आरामखुर्ची होती. खुर्चीत, हातात पुस्तक घेऊन, आत्या होत्या. तिने पुढचा फोटो ओढला. त्याही फोटोत तशाच. त्याच्या पुढच्यातही.

तिने भिंग धाकटीला दिले. धाकटीने पाहिले आणि नवऱ्याच्या भावाकडे सरकवले. थोरल्याने पाहिले, आणि छतावर काही मोजण्याजोगे आहे का ते शोधू लागला.

मधल्या खोलीचे दार उघडले.

"काय एवढं बघताय?" आत्यांनी विचारले.

"काही नाही, आत्याबाई. चहा ठेवू?" थोरली म्हणाली.

"आत्ताच घेतला."

"बिस्किटं आणू?" धाकटी उठलीच.

"आठ महिन्यांत तुम्ही दोघी एका वेळी माझ्याशी इतक्या गोड बोलला नाहीत. सरक, पाहू दे."

"आत्या, प्रिंट पुसट आहेत, डोळ्यांना त्रास..."

"माझे डोळे तुझ्या मोजमापापेक्षा बरे आहेत," असे म्हणून त्यांनी भाच्याच्या हातून भिंग घेतले आणि त्या खुर्चीत बसल्या.

आत्यांनी अर्धा संवाद दाराआडून ऐकला होता. उरलेला अर्धा समोर मांडला होता. दोन दिलेल्या बाजूंवरून तिसरी काढणे हा तर त्यांचा जन्माचा उद्योग.

त्यांच्या मनात मात्र जे चालले होते, ते या चौघांना ठाऊक नव्हते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या भावाच्या आश्रयाला आल्या, तेव्हा भावजयीने त्यांना कोपऱ्याची खोली दिली होती. खाली मधली खोली रिकामी असताना दिली होती. आत्या त्यावर कधी बोलल्या नाहीत. बावीस वर्षे त्यांनी तो सल वहीतल्या न सुटलेल्या उदाहरणासारखा जपून ठेवला होता. आठ महिन्यांपूर्वी भावाने हात धरून खाली आणले, तेव्हा उशिरा का होईना, न्याय झाला असे त्यांना वाटले होते. आणि न्यायाच्या त्या खुर्चीवर बसल्यापासून त्यांना एक दिवसही सुखाचा गेला नव्हता.

त्यांनी एकेक फोटो पाहिला. गॅलरीवर सावलीसाठी ताणलेले कापड होते. ते दरवर्षी नवे होते. खुर्चीशेजारी तिवई होती, तिच्यावर चहाची किटली होती. एका फोटोत दहा-अकरा वर्षांची नातवंडे वही घेऊन त्यांच्या पायाशी बसलेली होती. ती आता शिकायला दूर गेली होती. दुसऱ्या एका फोटोत खुद्द थोरला कुठल्याशा परीक्षेचे पुस्तक घेऊन उभा होता. त्या कोपऱ्यात माणसे येत असत. आपणहून, जिना चढून, काही विचारायला येत. मधल्या खोलीतून मात्र माणसे नुसती जात.

"तुझी बायको कॅमेऱ्याकडे का बघत नाही रे?" त्यांनी अचानक विचारले.

"कधीच बघितलं नाही तिनं," आप्पा म्हणाले. "ऐन वेळी मान वर. किती ओरडायचो मी."

"वर म्हणजे कुठं?"

आप्पा उठून बहिणीच्या खांद्यामागे आले. बावीस फोटोंत एक स्त्री पहिल्या रांगेच्या कडेला उभी होती, आणि बावीसही वेळा तिची हनुवटी टाकीच्या दिशेने, त्या गॅलरीच्या दिशेने वर होती. ओठ किंचित उघडे होते, जणू काही विचारत असावी.

"चारच्या सुमाराला काढायचास तू हे फोटो, आणि बोलावलंस तरी मी खाली उतरायची नाही," आत्या म्हणाल्या. "उन्हं उतरली की. चारला ती मला खालून विचारायची, वर चहा पाठवू का. एक दिवस चुकली नाही. मला वाटायचं, खाली बोलवायला नको म्हणून विचारते." त्यांनी भिंग टेबलावर ठेवले. "उत्तर चुकलं माझं. पद्धतही चुकली."

मग त्यांनी चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि वर्गात विचारावे तशा आवाजात विचारले, "तर मग, बडीशेप कधी हलवायची?"

"कोणती, आत्या?" थोरला बोलून गेला, आणि त्याने जीभ चावली.

"दोन्ही," आत्या म्हणाल्या.

धाकटीने तोंडावर हात ठेवला. थोरली गळ्यातली पट्टी गुंडाळू लागली. आप्पांचे डोळे भरून आले.

"अक्का, मी तुला एकटी पडू देणार नाही."

"एकटी? तुझ्या घरात एकटं पडायला मिळावं म्हणून तर मी झुरतेय. आठ महिने माझ्या खोलीतून सगळे स्वयंपाकघरात जातात आणि स्वयंपाकघरातून सगळे माझ्या खोलीत येतात. पुस्तकाचं एक पान सलग झालेलं नाही. आणि मला मधे बसवलं की तपासायला वह्या लागतात. वह्या नव्हत्या, मग मी या दोघींना तपासत बसले." त्या सुनांकडे वळल्या. "तुम्ही दोघींनी सांगायचं नाही होय मला?"

"तुम्ही स्तुती करत होता, आत्याबाई," थोरली म्हणाली. "तक्रार तरी काय करायची?"

"माझी एक अट आहे," धाकटी म्हणाली. "चहा मी वर आणेन. पण माझ्यापाशी वहिनींची स्तुती करायची नाही."

"मग काय, निंदा करू?"

"करा. निदान दोघींना बोलायला विषय तरी होईल."

"ऐका," थोरली म्हणाली, "आणि हिला मी शहाणी समजत होते." पण हे ती भिंतीला उद्देशून बोलली नाही, जावेला कोपराने ढोसून बोलली.

परसात गेल्यावर एक अडचण उभी राहिली. बडीशेपेचे खोड आता मनगटाएवढे झाले होते आणि तिचे मूळ गाजरासारखे सरळ खोल गेले होते. आप्पा फावडे घेऊन पुढे झाले, तशी थोरलीने त्यांना अडवले.

"या वयात ती नाही हलायची, आप्पा. मोडेल. वरचं बी वाळलंय, ते धरू आणि टाकीजवळ पेरू. ही पुढं राहणार नाही, पण हिचंच बी तिथं येईल."

"तिचं ठीक आहे," आत्या गॅलरीकडे पाहत म्हणाल्या. "मी मात्र हलते. माझी मुळं आठ महिन्यांत तेवढी खोल गेलेली नाहीत."

दुपारी त्यांची पुस्तके, आरामखुर्ची आणि तिवई वर गेली. सावलीचे कापड थोरलीने दुकानातून नवे आणले आणि मोजून अचूक शिवले. ते ताणून बांधताना शिडी धाकटीने धरली. ड्यूटीची वेळ तिने बदलून घेतली होती. खाली थोरला खुंट्या ठोकत होता, पण बागेच्या मधोमध नव्हे. घेवड्याच्या नव्या रांगेसाठी त्याने आधार उभे केले आणि दोन भागांसाठी आणलेली दोरी त्यांच्यावर आडवी ओढली.

"अंतर सारखं नाही," वरून आवाज आला.

"आत्या, तू वाचत होतीस ना?"

"पान उलटताना दिसलं."

त्याने हसून खुंटी दोन बोटे सरकवली. वरून आलेला तो शब्द कोणालाच झोंबला नाही. एवढ्या अंतरावरून येईतो त्याची धार गेली होती आणि उपयोग तेवढा उरला होता.

चार वाजता आप्पांनी सर्वांना पायरीवर उभे केले. उंच मागे, बुटके पुढे हे झाले. मग त्यांनी सवयीने कडेला पाहिले. चौकटीच्या काठावर, वर, कोपऱ्यात एक माणूस नेहमी अर्धवट राहत होता. त्यांचा हात उचललाही गेला, खाली ये म्हणून खूण करायला. तो त्यांनी आवरला. कॅमेरा छातीशी धरून ते एक पाऊल मागे सरले, मग आणखी एक, मग दहा. टाच पुदिन्यात रुतली, सुगंध उठला, तरी ते सरतच राहिले. अखेर पायरी, टाकी आणि टाकीवरची गॅलरी काठावर पुसट न राहता एकाच चौकटीत पुरती मावली.

"इकडे बघा," ते म्हणाले.

कळ दाबण्याच्या क्षणी धाकटीची मान वर झाली. "आत्याबाई," तिने विचारले, "चहा वर आणू ना?"

आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी कळ दाबली.

ज्यांना शेजार मानवतो त्यांना शेजार लाभो. ज्यांना अंतर मानवते त्यांना अंतर लाभो, आणि त्या अंतरावर कोणीतरी रोज चारला मान वर करून विचारणारे असो. त्या घरातील सर्वांना, मातीतल्या आणि माणसांतल्या, वेळेवर पाणी मिळो.